मागून येणारी गाडी

"डावा," मी वॉकीटॉकीत म्हणालो आणि डावा इंडिकेटर लावला.

"लागला."

"उजवा."

"लागला."

"ब्रेक."

पलीकडून काहीच आलं नाही. मी बाजूच्या आरशात पाहिलं. आमच्या मोटरहोमला, त्या चाकांवरच्या घराला, आज पहिल्यांदाच मागे छोटी लाल गाडी जोडली होती आणि तिच्या मागच्या कोपऱ्याशी, घरासमोरच्या खडीवर, आर्लिस उभी होती. पण ती गाडीकडे बघत नव्हती. मान वळवून शेजारच्या गॅरेजच्या दाराकडे बघत होती.

"दोन्ही लागले," ती म्हणाली. "पाय काढ आता, का संध्याकाळपर्यंत दाबून बसणारेस?"

माझ्या बायकोच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. कडा शाबूत आहेत. एखादी वस्तू बघायची असेल तर तिला तिच्या शेजारी बघावं लागतं. माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघते. खरं सांगायचं तर मला त्याचा फारसा त्रास होत नाही. समोरासमोर डोळ्यांत बघून बोलणं मला कधीच जमलेलं नाही.

मी खाली उतरलो. दोन्ही गाड्यांमधला जोडदांडा बसवून देणारा कर्टिस तिथेच हात पुसत उभा होता.

"गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली, किल्ली पहिल्या खाचेत म्हणजे स्टिअरिंग लॉक होत नाही," तो म्हणाला. "यातलं एक जरी विसरलात तर टायर घासत जातील आणि एवढ्या मोठ्या गाडीत तुम्हाला पत्ता लागणार नाही. थोडं पुढं गेलात की थांबा, उतरा, छोटीच्या चाकांना हात लावून बघा. एखादं जास्त गरम लागलं तर समजायचं ब्रेक अडकलाय. वळताना रुंद वळा. आणि मिस्टर लोकेन, छोटी जोडलेली असताना मागं घ्यायचं नाही. वीतभरसुद्धा नाही. तिची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि दांडा वाकतो. कुठं आत शिरायचं असेल तर आधी बाहेर पडायची वाट बघायची."

"हे त्याला लग्नाआधी सांगायला हवं होतं कुणीतरी," आर्लिस म्हणाली.

कर्टिस हसला. "नाहीच जमलं तर मला फोन करा. माझ्या बायकोचा डोळा आहे तुमच्या मोटरहोमवर."

"तिचा तरी चांगला आहे ना?"

कर्टिसनं पुन्हा हात पुसायला घेतले. आर्लिस एकटीच हसली.

आमचं ठरलं होतं तसंच. म्हणजे तिनं ठरवलं होतं. आज संध्याकाळपर्यंत नेब्रास्कातल्या आमच्या नेहमीच्या तळावर धड पोचलो, तर तिथून पुढे टेक्सासच्या किनाऱ्यावर, दर हिवाळ्यासारखं. वाटेत काही बिघडवलं, तर मागं फिरायचं, मोटरहोम विकून कर्टिसला किल्ल्या द्यायच्या आणि साउथ डकोटाचा सगळा हिवाळा घरात काढायचा. "तू पुस्तकं वाचशील," ती म्हणाली होती, "आणि मी खिडकीपाशी बसून खिडकीच्या शेजारी बघेन."

इतकी वर्षं आम्ही छोटी गाडी ओढून नेली नव्हती. मी मोठी चालवायचो आणि आर्लिस छोटी घेऊन मागून यायची. लोक आम्हाला वेड्यात काढत. खरं म्हणजे आमच्या दोघांत गाडी चालवता येणारी तीच. आमच्या गावातल्या शाळेची बस तिनं निवृत्त होईपर्यंत चालवली, बर्फात, धुळीच्या वादळात. मी त्याच शाळेच्या ग्रंथालयात होतो. मोठी गाडी तू चालव, असं मी तिला कितीदा तरी म्हणालो.

"मी जन्मभर पुढं होते आणि सगळे माझ्या मागं," ती म्हणायची. "आता मला मागं बसून दुसऱ्याच्या चुका काढायच्यात."

आणि ती काढायची. वॉकीटॉकीवर तिचा आवाज यायचा, "मिस्टर लोकेन, तुमचं मागचं उजवं चाक पांढऱ्या रेषेवर आलंय." मी सावरून घ्यायचो. मागून कुणी ट्रकवाला घाईत असला तर ती आधी सांगायची. आणि मधल्या रिकाम्या मैलांत आम्ही बोलायचो. जेवणाच्या टेबलावर मी मीठ मागण्यापलीकडे फारसं बोललो नसेन, पण वॉकीटॉकीच्या त्या डब्यात मी बोलायचो. माझ्या वडिलांबद्दल बोललो. आमचं पहिलं बाळ राहिलं नाही, त्याबद्दलही एकदा कॅन्ससमधून जाताना बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नंतर म्हणाली, "पुढच्या फाट्याला डावीकडे घे."

आमची ओळखच तशी झाली होती. शाळेची सहल होती. ती बस चालवत होती आणि मी तिच्या मागच्या सीटवर. जाताना आणि येताना मी तिच्या अंबाड्याशी बोललो.

ती बाजूला बसली असताना काय बोलायचं, हे मला माहीत नव्हतं. निघाल्यावर तासाभरात ते माझ्या लक्षात आलं.

दोन्ही बाजूंना सूर्यफुलं वाळून काळी पडली होती. वारा पश्चिमेकडून होता आणि गाडी सारखी ओढून नेत होता. आर्लिस शेजारच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसली होती. मला तिचे हात असे रिकामे बघायची सवय नाही.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काच."

मग ती म्हणाली, "मागं येतेय ना ती?"

"येतेय."

"कुणी नाही तिच्यात. मला नाही आवडत ते. माणूस नसलेली गाडी रस्त्यावर कशाला?"

तेवढ्यात रस्त्याच्या कडेला इशाऱ्यासाठी कोरलेल्या खाचांवर चाक गेलं आणि सगळी भांडी खडखडली. मी झटकन सावरलं. एरवी खाचांपर्यंत जायची वेळच यायची नाही. तिनं दाराची मूठ धरली आणि पुढे सोडली नाही.

एकदा थांबून आम्ही चाकं तपासली. ते काम तिनं घेतलं. वाकून एकेका चाकाला पालथा हात लावत ती छोट्या गाडीभोवती फिरली. साखळ्या चाचपल्या, दांडा अडकवणाऱ्या खिळ्या चाचपल्या. "चारी सारखीच कोमट," म्हणाली. तेवढ्यापुरता तिचा चेहरा बरा वाटला.

मग मी ती चूक केली. वाटेत एक गाव लागतं. धान्याचं उंच कोठार, त्याला लागून एक कॅफे. तिथले कॅरमल रोल तिला आवडतात. मला वाटलं, तिला बरं वाटेल. दरवर्षी आम्ही कॅफेच्या मागच्या अंगणात गाड्या लावायचो आणि पलीकडून बाहेर पडायचो. सवयीनं मी वळलो. कोपरा ओलांडल्यावर दिसलं की पलीकडची वाट या वर्षी तारेचं कुंपण घालून बंद केली आहे. पुढे कुंपण, डावीकडे कोठाराची भिंत, उजवीकडे कॅफे आणि मागे माझी लाल गाडी, वळणात वाकडी उभी.

मी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" आर्लिसनं विचारलं.

मी सांगितलं.

"रोल तरी मिळतात का अजून?"

"आर्लिस, मागं घेता येणार नाही."

"ठाऊक आहे. कर्टिस म्हणाला तेव्हा मीही तिथंच होते."

म्हणजे छोटी गाडी सोडवायची, ती रस्त्यावर नेऊन ठेवायची, मोठी मागं घेत बाहेर काढायची आणि पुन्हा जोडायची. मोटरहोम मी आजवर आर्लिसशिवाय कधी मागं घेतलेली नाही. ती मागे उभी राहून सांगायची तसं मी करायचो. आता ती माझ्या कानाकडे बघत होती.

खिळी निघेना. गाड्या वाकड्या उभ्या होत्या, म्हणून दांड्याचा एक हात ताणलेला होता. मी ओढली, हातोडीनं ठोकली. कॅफेच्या मागच्या दारात दोन म्हातारे शेतकरी कप घेऊन उभे राहिले. ते मदतीला आले असते, पण मी कुणाला विचारणाऱ्यांतला नाही.

आर्लिस खाली बसली आणि तिनं दांड्याचे दोन्ही हात चाचपले. "हा ढिला आहे, हा ताणलाय," ती म्हणाली. "छोटी जराशी पुढं आली पाहिजे. मी आत बसते."

गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती त्या सीटवर बसली नव्हती. तिनं सीट पुढं ओढून घेतली, माझ्यामुळे ती मागे सरकलेली होती. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मी मागून ढकललं आणि ती मी सांगेन तसं चाक फिरवत राहिली. गाडी बोटभर हलली असेल. "थांब," म्हणाली आणि ब्रेक दाबला. खिळी हातानं निघाली.

ती लगेच उतरली नाही. मीही घाई केली नाही. मग ती उतरली, दार नीट लावलं आणि मी गाडी रस्त्यावर नेऊन ठेवली.

कोपऱ्यावर, कॅफेची गॅसची टाकी वाचवायला लोखंडी पिवळा खांब पुरलेला होता. मोटरहोम आपटली असती तर तिथंच आपटली असती. आर्लिस त्या खांबापर्यंत चाचपडत गेली, एक हात खांबावर ठेवला आणि दुसरा माझ्या गाडीच्या दिशेनं सरळ धरला.

"बाईसाहेब, मी उभा राहू का तिथं?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"कॉफी थंड होईल तुमची," ती म्हणाली.

मग वॉकीटॉकीत तिचा आवाज आला. "मिस्टर लोकेन. चला, हळू."

आरशात मला तिचं फक्त कोपर दिसत होतं. मी रिव्हर्स टाकला. मला भीती खांबाची नव्हती.

"येऊ दे. येऊ दे. उजवीकडे फिरव. अजून. मला इंजिन ऐकू येतंय, घाबरू नकोस. येऊ दे."

मी येऊ दिलं.

"थांब."

मी थांबलो.

"माझ्या तळहाताला लागली. आता चाक सरळ कर आणि ये."

गाडी तिच्या हाताला घासत खांबाजवळून निघाली आणि रस्त्यावर आली. मी उतरून तिच्यापाशी गेलो. तिच्या तळहाताला धूळ लागली होती, ती तिनं माझ्या बाहीला पुसली. शेतकऱ्यानं मान देत टोपीच्या कडेला बोट लावलं. तिला ते दिसलं की नाही, मला सांगता येणार नाही. आत जाऊन तिनं रोल मात्र घेतले.

पुन्हा जोडणी केली. न्यूट्रल, हँडब्रेक, किल्ली, साखळ्या. डावा, उजवा, ब्रेक. मी माझ्या जागेवर बसलो आणि तिची वाट बघू लागलो, पण ती पुढे आलीच नाही. आत चढली ती मागे वळली. सिंकच्या कडेवर, टेबलावर, कपाटाच्या दारावर हात ठेवत ती सगळ्यात मागच्या खिडकीपाशी गेली. शाळेच्या बसमध्ये रोज शेवटच्या फेरीनंतर ती अशीच एकेका सीटला हात लावत मागपर्यंत जायची, कुणी पोर झोपलेलं राहिलं नाही ना बघायला.

तिथं सीटबेल्टचा पट्टा असलेलं एक बाक आहे. पट्टा लागल्याचा आवाज मला पुढे ऐकू आला.

गाव मागे पडलं. रस्ता मोकळा होता. डबा खरखरला.

"मिस्टर लोकेन."

"बोल."

"येतेय ती."

"दिसतेय?"

"लाल काहीतरी येतंय. तीच असणार."

मी हो म्हणालो. मग काय बोलावं याचा विचार करत होतो, आणि विचार करता करता बोलूही लागलो. सूर्यफुलं कशी दिसतात ते सांगितलं. मघाशी मला कशाची भीती वाटली होती तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. राज्याची सीमा ओलांडली, वारा थोडा पडला.

"तुमचं मागचं उजवं चाक," ती म्हणाली, "पांढऱ्या रेषेवर आलंय."

मी आरशात पाहिलं. रेष चाकापासून चांगली हातभर लांब होती. समोरून कुणी येत नव्हतं. मी स्टिअरिंग किंचित डावीकडे घेतलं.

"आता?"

"आता बरोबर," आर्लिस म्हणाली.