संत्र्याची साल

म्हाताऱ्याने कॉफीच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलेला पांढरा केस भिंगातून तपासला. केस जागचा हलला नव्हता. मग त्याने बिया काट्यावर ओतल्या. वजनही बरोबर.

“म्हणजे चोर बिलंदर आहे,” तो पुटपुटला. “नेतो तेवढ्याच शिळ्या बिया परत भरतो.”

चाळीस वर्षं त्याने कॉफीच्या गोदामात चव घेण्याचं काम केलं होतं. एका घोटात तो पोतं ओळखायचा; ते कुणाच्या खांद्यावरून आलं तेही सांगतो म्हणत. ही खांद्याबद्दलची थाप त्यानेच पसरवलेली. अजूनही त्याची मान हलल्याशिवाय कॉफी भाजणारा भट्टीवाला नवा माल घेत नसे. आणि महिनाभर घरची कॉफी नुसती भिजल्या गवतासारखी लागत होती. डबा हवाबंद, फडताळ अंधारं, बिया ताज्या भाजलेल्या. बिघडायला वाव नव्हता, बिघडवायला घरात एकच माणूस होतं.

“सूनबाई, तुझ्या माहेरी हल्ली कॉफी कुठली पितात?”

“चहा पितात, बाबा.”

उत्तर जरा जास्तच तयार होतं.

तेवढ्यात भट्टीवाला नमुन्याचा सीलबंद पुडा घेऊन आला. म्हाताऱ्याने तो स्वतः फोडला, बिया स्वतः दळल्या, कॉफीच्या मशीनजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. फेस सोनेरी आला. त्याने घोट घेतला. पुन्हा गवत.

हाही सामील तर!

त्याने सुनेला स्वयंपाकघरात बसवलं, भट्टीवाल्याला गॅलरीत, दोघांच्या हाती एकेक कप दिला आणि मधलं दार लावलं.

“काका, चोरी झाली की काय?” भट्टीवाल्याने विचारलं.

“पी मुकाट्याने. मग बोल.”

आधी तो सुनेकडे गेला. तिने घोट तोंडात घोळवला.

“संत्र्याची साल. मग जळकी साखर. आणि शेवटी... पेन्सिल सोलल्यासारखं काहीतरी.”

मग गॅलरीत.

“संत्रं, काका. रस नाही हं, साल. मागून करपलेली साखर. आणि अगदी शेवटी सुताराच्या दुकानात शिरल्यासारखं.”

पढवलेले साक्षीदार शब्द सारखे बोलतात. इथे शब्द निराळे होते, चव मात्र एकच.

म्हातारा स्वयंपाकघरात परतला. आपल्या कपातला उरलेला घोट त्याने जिभेवर धरला, डोळे मिटले, गाल आत ओढले. बराच वेळ.

भट्टीवाला दारात आला. “मग काका, पोती उतरवू?”

“तिला विचार.”

सून ओट्याशी थबकली. “बाबा, मी काय सांगणार?”

“आत्ता मला सांगितलंस की. आणखी काय लागलं?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग भट्टीवाल्याकडे वळून हळूच म्हणाली, “माल घ्या. फक्त थोडा आधी भट्टीतून काढा. शेवटी कडवट होतोय.”

भट्टीवाल्याने सवयीने म्हाताऱ्याच्या मानेकडे पाहिलं. मान हलली.

“आणि तुम्हाला कशी लागली, काका?”

म्हाताऱ्याने कप पालथा घातला.

“गरम.”