टी माणसाला काही होत नाही म्हणे

माझ्या ताईला मन नाही, असं तिच्या ऑफिसने ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, गळ्यातल्या ओळखपत्रावर छापूनच दिलं होतं.

दाबिनताई देजॉनमधल्या एका कॉल सेंटरमध्ये होती. पाणी शुद्ध करायची यंत्रं भाड्याने देणारी कंपनी. यंत्र गळलं, पाण्याला वास आला, दुरुस्तीवाला उशिरा पोचला, की लोक फोन लावून तिथल्या मुलींचा उद्धार करतात. ताईच्या टीमची मुख्य म्हणजे नाम मॅडम. या बाईने घरबसल्या मानसशास्त्राचा कसला तरी कोर्स केला, सोनेरी काठाचं प्रमाणपत्र टेबलामागे टांगलं, आणि त्या दिवसापासून तिला माणसं आरपार दिसायला लागली. सगळ्या मुलींकडून तिने ती स्वभावाची चाचणी करून घेतली. चार अक्षरं येतात ती.

आमच्याकडे कोरियात या अक्षरांचं खूळ इतकं आहे, की माणूस जेवला का हे विचारायच्या आधी त्याची अक्षरं विचारतात. मुलगा बघायला गेलं, अक्षरं. कॅफेत कप धुवायची नोकरी मागितली, अक्षरं. मी शाळा सोडली तेव्हा समुपदेशकबाईंनी माझी अक्षरं बघून मान हलवली होती, जणू आजाराचं नाव सापडलं. शिकवणारे भिकार होते, त्याला अक्षर नाही त्यांच्याकडे.

तर त्यांत एफ म्हणजे मनाने चालणारे आणि टी म्हणजे डोक्याने चालणारे. नाम मॅडमच्या टीममध्ये सगळ्या एफ, एकटी ताई टी. मॅडमनी अक्षरं ओळखपत्रांवर छापून घेतली आणि लगेच व्यवस्था लावली. गिऱ्हाईक ओरडायला लागलं की एफ मुलीने फोन दाबिनकडे वळवायचा. टी आहे ना ती, तिला लागत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ताईला ते पटलं. वर थोडी मिरवायचीसुद्धा. आईला तर कौतुकच. लहानपणी गुडघा फुटला तरी रडायची नाही, अशीच आहे ती, हे आई शेजारणीला सांगायची. अरे, गुडघा फुटल्यावर रडली नाही कारण तेव्हा मी पाळण्यात बोंबलत होते आणि तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. पण हे कोण बोलणार?

मग एका संध्याकाळी आमचा भाताचा कुकर बोलला. भात तयार आहे, नीट हलवून घ्या, एवढंच बोलतो तो, रोज. ताई ताटल्या मांडत होती. तिने कुकरकडे वळून कमरेत वाकून म्हटलं, "हो ग्राहकजी, माफ करा, लगेच बघते."

आई हसली. मी नाही हसले. ताईला आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं.

मी तिला म्हटलं नोकरी सोड, नाहीतर त्या बाईला सांग फोन सगळ्यांत वाटून दे. सांगून बघितलं म्हणाली. मॅडमनी तिला मनःशांती कक्षात पाठवलं होतं. म्हणजे जुन्या झेरॉक्सच्या खोलीत एक मसाज खुर्ची आणि प्लास्टिकचा बांबू. तिथे बसवून मॅडम म्हणाल्या, दाबिन, हा फक्त थकवा आहे, भावना नाहीत या, तुझी अक्षरं खोटं बोलत नाहीत. आईने काय केलं? अशक्तपणावर देतात त्या लाल जिनसेंगच्या पुड्यांचा डबा आणला.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या नंबरवर फोन लावला. नाम मॅडमला फोनवर घ्यायचं आणि सोलून काढायचं, एवढंच ठरवलं होतं. आधी, गिऱ्हाइकांनी शिव्या देऊ नयेत म्हणून रेकॉर्ड केलेला एका चिमुरडीचा आवाज आला, आता माझी लाडकी आई तुमच्याशी बोलेल. त्या अख्ख्या टीममध्ये कोणाचं लग्नसुद्धा झालेलं नाही. मग एक मुलगी आली. मी बाजारातल्या मासळीवालीसारखा घोगरा आवाज काढला आणि सुरू झाले. यंत्रातून गटाराचं पाणी येतंय, तुमच्या मुख्य बाईला द्या, तिची लाज काढते. मुलगी घाबरली. एक मिनिट, वरिष्ठांना देते म्हणाली.

पलीकडे फोन उचलल्याचं कळताच मी तोंड सोडलं. मोठा श्वास घेऊन जे जे येत होतं ते सगळं. मी थांबल्यावर आवाज आला, गोड, सपाट, इस्त्री केल्यासारखा.

"हो ग्राहकजी, तुमचा राग अगदी बरोबर आहे. माफ करा."

ताई होती.

अर्थात तीच असणार. ओरडणारे सगळे तिच्याकडेच जातात, हे मला माहीत होतं, तरी मी गाढवासारखी मॅडमची वाट बघत बसले होते.

मी माझ्या आवाजात म्हटलं, "ताई, मी यारम."

"हो ग्राहकजी. माफ करा."

"ताई. अगं मी आहे."

मग श्वास ऐकू आला, अडकत येणारा. मागून नाम मॅडम कोणाला तरी सांगत होती, आवाजात हसू ठेवा, हसू. तिकडे गिऱ्हाइकाच्या आधी फोन ठेवायला परवानगी नाही. कितीही घाण बोललं तरी त्यानेच ठेवायचा.

मी म्हटलं, "मी नाही ठेवणार. तू ठेव."

"मला चालत नाही."

"माहितीये. ठेव."

ती रडायला लागली. लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून. त्यातच ठेवते म्हणाली, आणि खरंच ठेवला.

तासाभरात घरी आली. दारातच बसली, बूटसुद्धा काढले नाहीत. आई सुपाचा वाडगा हातात घेऊन नुसती उभी. टी मुलगी रडताना कशी दिसते हे ती पहिल्यांदाच बघत होती बहुतेक.

तेवढ्यात मॅडमचा मेसेज आला, मागे फुलांचं चित्र. दाबिन, आजचं वागणं टी माणसाचं नाही. तुझा प्रकार बदललेला दिसतो. लिंक पाठवते, चाचणी पुन्हा दे. एफ निघालीस तर सोप्या फोनवर बसवू.

ताईने तो दोनदा वाचला. बाहीने नाक पुसलं. मला वाटलं आता ही बावळट ती चाचणी देत बसेल, अंगठा लिंकवर गेलाच होता तिचा.

मग तिने फोन माझ्या हातात दिला.

"मॅडमला तू लिही," म्हणाली. "मला अजून नुसतं माफ कराच सुचतंय."