भुई नसलेली मेंढरं

"निस्ता कागदाकडं बघत बसतुया. मेंढरं काय कागदावर चरत्यात?"

धोंडुबाई चुलीपाशी पुटपुटली, पण अशा बेतानं की शेजारी भाकरी थापणाऱ्या सुनेला ऐकू जावं आणि ओसरीवरच्या लेकाला जाऊ नये. मनुबाईनं उत्तरादाखल भाकरी जरा जोरात थापली.

मनुबाईचा नवरा आकाराम पावसाळ्याच्या तोंडाला इटलीच्या लढाईवरून परतला, तो पत्र्याची पेटी, काखेत कुबडी आणि हे चित्र घेऊन. इस्पितळात शेजारच्या खाटेवर अमेरिकेतल्या नवाहो जमातीचा एक शिपाई होता. गोरा नव्हे, आपल्यासारखाच तांबूस, आणि घरचा मेंढरंवाला. त्यानं काढून दिलेलं ते ओसरीच्या भिंतीला डकवलं होतं. एक बाई काठी घेऊन मेंढरं हाकतेय, मागं कुत्रं, पलीकडं दुसरी बाई उभ्या मागावर विणतेय. आभाळ नाही, सावली नाही, मेंढरांच्या पायाखाली भुईसुद्धा नाही.

येईल तो चित्रात खोड काढी. शेजारची सुलाबाई तर म्हणाली, "मने, कागदाची सवत आणली की गं दाल्ल्यानं!" मनुबाई हसली, म्हणजे दात दिसले. पण आकारामच्या उजव्या पायाकडं कुणी बघत नसे. नजर गेलीच, तर "दसऱ्यापातूर पळाय लागशील गड्या," म्हणून मोकळे.

दसरा झाला. आता कळप चाऱ्यासाठी रहिमतपूरच्या बाजूला, कृष्णाकाठी उतरायचे. सासरे होते तोवर त्यांनी नेले. ते गेल्या उन्हाळ्यात वारले.

तेवढ्यात थोरला दीर गुंडा आला. "आकाराम, उद्या तुजी मेंढरं माज्या कळपात घालतो. तू बरा झालास की बघू."

मनुबाई चुलीपासून उठून दाराआड आली. एकदा मिसळली, की कोकरू कुणाचं हे सांगणार कोण? लढाईच्या वर्षांत विताना अडलेल्या मेंढ्या तिनंच सोडवल्या होत्या, कोकरं पदराखाली धरून जगवली होती. थोरल्या दिराशी तोंडावर बोलायची रीत नव्हती, म्हणून ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्यास्नी म्हणावं, काय तरी बोला."

आकारामनं कुबडीचं टोक चित्रावर टेकवलं. "दादा, त्या नवाहोंच्यात मेंढरं बाईच्या नावाची असत्यात. तीच राखती."

"आसतील की," गुंडा चित्राजवळ वाकला. "पर शेपट्या लय लांब काढल्यात रं!"

"आन उभा माग कुठं असतुया?" धोंडुबाईनं आतून री ओढली.

झालं. शेपट्यांवरच बोलणं चाललं. आकारामनं कुबडी चित्रावरून काढून घेतली.

मनुबाई कातावली. अख्खा पावसाळा हा माणूस त्या बाईकडं बोट करत होता, आणि आपण सवत समजून जळत बसलो! तोफेपुढं उभा राहिलेला गडी, आईपुढं आणि भावापुढं दोन शब्द निघेनात. आणि खरं बोलायचं टाळणारी ही माणसं त्या कागदातल्या मेंढरांसारखी, कुणाचा पाय म्हणून भुईला लागेल तर शपथ.

पिठाचे हात तसेच घेऊन ती उंबरा ओलांडून ओसरीवर आली. पदर सावरला, आणि थेट दिराकडं बघून म्हणाली,

"भावजी, शेपट्या ऱ्हाऊ द्या. ह्यांचा पाय आता बरा व्हायचा न्हाई. ह्या साली न्हाई, कवाच न्हाई. मेंढरं मी न्हेणार."