दिसो न दिसो, दाब

पत्ता: खिडकीपासून दुसरं टेबल, गार चहाचा कप.
निकाल: सापडली.

ती तिथेच असते. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून थोरलेसुद्धा. तिनं लिहिलेल्या दोनशे बारा चाचण्या, म्हणजे छोटे प्रोग्राम, आपोआप ब्राउझर उघडतात, दवाखान्याच्या वेबसाइटवर जातात, बटणं शोधून दाबतात. सगळं ठीक असलं की हिरव्या, नसलं की लाल. पण बटण शोधायचं तर त्याचा पत्ता लागतो, आणि ताईनं पत्ते दिले होते ते असे: तिसऱ्या चौकटीतल्या दुसऱ्या ओळीतलं शेवटचं बटण. पानांची मांडणी करणाऱ्या रंगाऱ्यानं एक चौकट इकडची तिकडे केली की चाळीस पत्ते चुकत. चाळीस लाल. साइटला काही झालेलंच नसे.

"बटणांना कायमची नावं दे रे बाबा," असं ती दोन वर्षं म्हणत होती.
"देतो ना," असं तो दोन वर्षं म्हणत होता.

पत्ता: काचेच्या खोलीतली एकुलती एक खुर्ची.
निकाल: सापडला, पण फोनवर.

ही खुर्ची टीमच्या कप्तानाची. मागच्या महिन्यात त्यानं शांतपणे सांगितलं होतं, "ताई, अकरा वेळा लाल, अकराही वेळा खोटं. आणखी एकदा झालं तर या चाचण्या बंद. तुम्ही आपल्या हातानं तपासा."

हातानं म्हणजे दोनशे बारा गोष्टी, दर आठवड्याला, एकटीनं. दोन वर्षांचं काम कचऱ्यात ते वेगळंच. त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती.

पण गेले तीन आठवडे सगळं हिरवं होतं. आज चार वाजता वेळ ठरवायचा नवा फॉर्म लोकांसाठी खुला होणार होता.

पत्ता: थरथरणारा फोन, वहीखाली.
निकाल: आत्या.

"अगं, माझी डोळ्यांची तारीख घेतलीस का?"
"घेते आत्या."
"सोमवारीही घेतेच म्हणालीस. दवाखान्याची वेबसाइट तूच करतेस ना? मग मला सांग, मोच्याच्याच घरी चप्पल फाटकी का?"
"घेते गं. आत्ता, तू फोनवर असतानाच."

तिनं साइट उघडली. नाव, वय, डॉक्टर, मंगळवार. 'नोंद करा' दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, जोरात, जणू जोरानं फरक पडतो. बटण ढिम्म.

"झालं का?"
"थांब जरा."

मग तिचं लक्ष पानाच्या माथ्याकडे गेलं. तिथे पिवळी पट्टी होती. ही खरी साइट नव्हतीच, कंपनीतली चाचणीची प्रत होती. दिवसभर तीच उघडायची सवय, हात आपोआप तिकडे गेला होता. आत्याला ती प्रयोगशाळेतल्या दवाखान्यात पाठवत होती. तिला हसू येणार होतं, पण आलं नाही. कारण या प्रतीवर तो नवा फॉर्म होता, चारला खुला व्हायचा तोच. त्याचं बटण मेलेलं होतं, आणि त्या बटणाची चाचणी हिरवी होती.

"आत्या, करते नंतर फोन."

पत्ता: चाचणी क्रमांक एकशे अठरा, ओळ नववी.
निकाल: हिरवं.

रंगाऱ्यानं जुना फॉर्म काढलाच नव्हता. त्याच्यावर नवा चढवला होता, भिंतीवरच्या जुन्या कागदावर नवा चिकटवावा तसा. चाचणीला जुन्या पत्त्यावर जुनंच बटण सापडत होतं, ते चालतही होतं; वरच्या नव्या बटणापर्यंत ती पोचतच नव्हती. पण झाकलेलं बटण चाचणीनं दाबलंच कसं? चाचणी असं करत नाही, कुरकुर करते.

नवव्या ओळीत उत्तर होतं. जबरदस्तीचा एक शब्द. दिसो न दिसो, दाब. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख, वेळ संध्याकाळी सातची, लिहिणारी ती स्वतः. चाचणी म्हणत होती, बटणावर काहीतरी आहे. ताईला वाटलं होतं, झालं, हिचं बारावं नाटक. कप्तानाचं बोलणं डोक्यात होतं, आणि घरी जायचं होतं.

तीन वाजून दहा मिनिटं. गप्प बसली असती तर हिरवं ते हिरवंच राहिलं असतं. फॉर्म रंगाऱ्याचा, बोभाटा उद्या, आणि कुणाला ती नववी ओळ दिसणार होती? ती गार चहा प्यायली. सगळा. मग उठली.

पत्ता: तीच काचेची खोली, आता तीन माणसं.
निकाल: खाली पाहा.

"हिरवं आहे ना?" कप्तान म्हणाला.
"हिरवं आहे. पण खोटं आहे."

तिनं सगळं सांगितलं. रंगारी मान खाजवत म्हणाला, "जुना काढला तर आणखी काहीतरी मोडेल असं वाटलं. म्हणून झाकला."

"वा! म्हणजे यानं फॉर्म झाकला आणि तुम्ही चाचणीचं तोंड दाबलं." कप्तानानं चष्मा काढला. "लाल असताना खोटं, हिरवं असतानाही खोटं. ताई, मग या ठेवायच्या तरी कशाला?"

तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, तो शब्द पुसला आणि एकशे अठरा चालवली. अर्ध्या मिनिटानं लाल झाली. खाली लिहून आलं: बटणावर दुसरं काहीतरी आहे, दाबता येत नाही.

"हे ती तीन आठवड्यांपूर्वीच सांगत होती," ताई म्हणाली. "अकरा वेळा खोटं बोलली ते मी दिलेल्या पत्त्यांमुळे. बाराव्या वेळी खरं बोलली, तर मीच ऐकलं नाही."

कप्तानानं ती लाल ओळ मोठ्यानं वाचली.

"चारचं रद्द," तो म्हणाला आणि रंगाऱ्याकडे वळला. "तू जुना फॉर्म उखडून टाक. आणि प्रत्येक बटणाला नाव दे. 'देतो ना' नको, दे. ताई, तुम्हाला दोन आठवडे. त्यानंतर एक जरी खोटं निघालं..."
"कळलं."

पत्ता: तो शब्द, आणखी कुठे कुठे.
निकाल: सदतीस ठिकाणी.

तिला वाटलं होतं, चारपाच असतील. प्रत्येकासमोर तारीख आणि वेळ होती. बहुतेक वेळा संध्याकाळच्या.

तिनं पहिला पुसला. चाचणी लाल. दुसरा पुसला. तीही लाल. मग आत्याची आठवण झाली. तिनं वर पिवळी पट्टी नाही ना ते दोनदा बघितलं, आणि खऱ्या साइटवरच्या जुन्या फॉर्ममध्ये मंगळवार, साडेदहाची वेळ घेतली.

"मिळाली का एकदाची?" आत्यानं विचारलं. "आवाज का असा?"
"दमलेय."
"ये मग घरी."
"येते. पस्तीस राहिलेत."