खंडेनवमीची बेरीज

शाळेच्या जिन्यातला दिवा खालच्या बटणाने लागतो आणि वरच्याने विझतो, याचा उलगडा मंजुषाला नववीत झाला. दोन्ही बटणांची स्थिती एकमेकांहून वेगळी असेल, तरच दिवा पेटतो. एवढ्या नियमावर तिने दहावीच्या पावसाळ्यात, १९९७ साली, मखमलाबादच्या मळ्यात बेरीज करणारी फळी तयार केली. जुनी बटणे, टॉर्चचे सेल, दोन छोटे बल्ब. एक कळ दाबली की उजवा बल्ब लागे. दोन्ही दाबल्या की उजवा विझून डावा लागे. डावा म्हणजे दोन.

"विज्ञान प्रदर्शनात नंबर आला तर नाशकात सायन्सला घालतो," वडील म्हणाले होते. "नाय आला तर दहावी बास. झेंडूला माणूस लागतंच."

खंडेनवमीला आईने विळे, कुदळ, फवारणीचा पंप पाटावर मांडला. शेजारी फळीही ठेवली.

"आई, ते अवजार नाही."

"मग काय हाय? तुझं हत्यारच ना ते?"

आजवर त्या फळीला एवढा मान घरात कोणी दिला नव्हता. मंजुषाने ती पाटावरच राहू दिली. आईने सढळ हाताने हळदकुंकू वाहिले, वर पाणी शिंपडले. पूजलेले हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचे नाही, हा घरचा दंडक. दसऱ्याला सगळे झेंडू घेऊन बाजारात. फळी उचलली ती थेट प्रदर्शनाच्या सकाळी.

शून्य अधिक एक बरोबर आले. मग परीक्षकांनी दोन्ही कळा दाबल्या. उजवा विझला. डावा लागलाच नाही.

"एक अधिक एक शून्य. नवीन गणित दिसतंय," असे म्हणून ते शेजारच्या ज्वालामुखीकडे वळले.

मंजुषाने बटण उघडले. डाव्या बल्बकडे वीज नेणाऱ्या पितळी पट्टीवर कुंकू सुकून बसले होते. दोन सेलांची वीज त्यातून पार होणे शक्य नव्हते.

"पूजा करूनबी नाय चाललं?" आईने विचारले. "माझंच काही चुकलं का गं?"

"नाही. सेल उतरले होते."

"देवाच्या मनात नव्हतं," वडील म्हणाले.

खरे कारण तिला ठाऊक होते. सांगून निकाल बदलणार नव्हता.

दहावीनंतर वडिलांनी फळीवरची बटणे काढून फुलांच्या शेडला बसवली, दोन दारांना एकेक. त्याआधी मंजुषाने ती रॉकेलने स्वच्छ पुसून दिली. तिने एका दाराशी बटण दाबले, वडिलांनी दुसऱ्या दाराशी. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

"बघ," वडील म्हणाले. "वाया नाय गेलं काही."

तिने माळेची सुई उचलली.