केस धुवायच्या मातीचे गोळे

तळं माह्यं होतं, कोनी काही म्हनो. धाड गावच्या वाटेवर आमची वांग्या-मिरच्यांची वाडी. तिच्या उतारावर म्या आन माह्या मालकानं दोन उन्हाळे खपून ते खोदलं. मासेखात्याच्या साहेबानं रोहू-कटल्याची पिल्लं देल्ली. पहिल्या सालीच सारी मेली.

मेली कशानं? शेजारच्या उकंडरावच्या कपाशीवर किडीच्या औषधाचा, त्या एन्ड्रिनचा, फवारा झाला, का तिथले किडे तडफडत आमच्या तळ्यात पडत. मासे धावून धावून ते गिळत आन दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगत. म्या टोपल्यानं काढले, आन रडली बी. उकंडराव म्हने, "बाई, तुह्या मासोळीपाई पऱ्हाटी सोडू का?" त्याचंही खोटं नव्हतं.

माहे भासरे नारायणराव, म्हंजे मालकाचे मोठे भाऊ, मातर तापले. साऱ्या घरासमोर म्हने, "यंदाही मेले त दिवाळी झाली का तळं बुजवून मिरची लावतो. माळ्याच्या सुनेले हे कुठले डोहाळे?"

डोहाळे म्हने! म्या पदर खोचला.

आता माह्या डोक्यात काय आलं ते ऐका. आमी बाया नाल्याकाठची पांढरी माती आनून केस धुतो. डोक्यात कितीही तेल असो, माती ते ओढून घेते. आन एन्ड्रिनचा डबा उघडला का रॉकेलावानी वास, पान्यावर तेलाचा तवंग. म्हनलं, केसातलं तेल ओढते, त मासोळीच्या पोटातलं हे तेल काऊन नाही ओढनार?

"मासोळीले न्हाऊ घालतं का वं?" मालक हसले.

"हसा," म्या म्हनलं. माती वाळवली, कुटली, लुगड्याच्या धडप्यातून चाळली. सरकीची ढेप आन कोंडा चार पसे, माती एक मूठ, असे गोळे वळले. पन सवयीचा हात, त्यात रिठ्याचं पानी गेलं. केस धुवाच्या मातीत टाकतोच ना आमी! नशीब, साहेबानं यंदा पुन्हा देल्लेल्या पिल्लांतली वीस हौदात सोडून पहिले त्यायच्यावर करून पाह्यलं. रिठ्याचा फेस मासोळीले मारते, हे मले कोन सांगनार? सकाळी वीसही आडवी.

"झालं?" भासरे म्हने.

"झालं नाही भाऊजी, कळलं," म्या म्हनलं. रिठा सोडला, नुसत्या पान्यात गोळे वळले, हौदात दुसरी पिल्लं सोडून पुन्हा टाकून पाह्यलं. या खेपेले एकही मेलं नाही.

उकंडरावले म्या एकच मागितलं, फवारा मारायच्या आदल्या दिवशी सांगत जा. तेवढं त्यानं ऐकलं. तो सांगे, का मी तळ्यात मातीचे गोळे टाकून मासोळ्यांची पोटं गच्च भरून ठेवो. भादव्यात फवारा झाला, किडे पडले. सकाळी मी काठावर गेली. मोजून सात तरंगत होत्या. हात पान्यात घातला त बाकीच्या बोटं चोखाले आल्या. खोटं काऊन बोलू, तवा मले माहाच लय अभिमान वाटला. साहेबाच्या पुस्तकात नव्हतं ते नाल्याच्या मातीत मले सापडलं होतं.

दिवाळी सरली, जाळं टाकलं. दीड-दीड वीत मासोळी निघाली. भासऱ्यांनी एक उचलून उलटीपालटी पाह्यली.

"जगली खरी," ते म्हने. "पन इख खाल्लेली मासोळी खाईन कोन? इकत कोन घेईन?"

गोष्ट बरोबर होती. मासोळी कोनी खाल्ली नाही त तळं जगून उपयोग काय? म्या घरी येऊन रस्सा केला. आमच्यात बाया गड्यायच्या मागून जेवतात. त्या दिवशी म्या भासऱ्यांसमोर, पोराबाळांसमोर, पहिला घास घेतला. माह्याशिवाय कोनी तो रस्सा खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी मी निंदन केलं, पानी शेंदलं, भाकरी थापल्या. भासरे दिवसभर माह्याकडंच पाहत होते. सांजच्याले म्या पुन्हा रस्सा केला.

नारायणरावांनी ताट पुढं सरकवलं.

"वाढ," ते म्हने. "आन साहेबाले चिठ्ठी धाड. पुढच्या साली पिल्लं दुप्पट लागतीन म्हनाव."