खालच्या तोंडाची कोठी

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे, मित्रांनो. धान्याची. उंची चार फूट, पोट गोल, रंग एके काळी हिरवा. माझ्यात तीन पोती तांदूळ मावतो, आणि राग त्याहून जास्त मावतो. तांदूळ वर्षभरात संपून जातो, पण राग मी तळाशी जपून ठेवते. तेव्हा माझी गोष्ट ऐकताना स्वल्प, थोडं सांभाळून बसा आणि माझ्या डोक्यावर चपला ठेवू नका. एकाने ठेवल्या होत्या. त्याचीच ही गोष्ट आहे.

मला घडवलं नागोजींनी. ते बेंगळुरूत विमानाच्या कारखान्यात पत्रे ठोकायचे. त्यांचं लग्न ठरलं, तेव्हा विमानासाठी नापास झालेला एक पत्रा त्यांनी भंगारातून आणला आणि सहा रविवार अंगणात बसून माझं पोट गोल केलं. विमानाचा पत्रा तो! आषाढात वारा सुटला की मी अजून जमिनीपासून बोटभर वर उचलली जाते. खोटं वाटत असेल तर खाली बोट घालून बघा. मग मी लगेच खाली बसते.

नागोजींनी वर झाकण बसवलं आणि खाली, अगदी पायापाशी, एक सरकती झडप केली. धान्य वरून भरायचं आणि खालून काढायचं, म्हणजे जुनं आधी निघतं. झाकण हे माझं डोकं. तोंड खाली. एवढं लक्षात ठेवा, मित्रांनो. घरातल्या एका शिकलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं.

नागोजींची बायको भाग्यलक्ष्मी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. हे घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांचं जुनं, की मराठी स्वयंपाकघरात आणि कन्नड दारात, अशी त्यांची वाटणीच झालेली. अक्का मला लेकीसारखी वागवायची. दर चैत्रात मला पालथी घालून उन्हात ठेवायची. तांदळाला तीन उन्हं द्यायची, मग एरंडेलाचा हात फिरवायची, कडुलिंबाचा सुका पाला घालायची. झाकण लावलं की माझ्या पोटावर तीन थापा मारून म्हणायची, "सांभाळ गं बाई."

आणि त्यानंतर सगळ्यात आधी काय करायची? झडप उघडून पहिलं माप काढायची आणि ते दाराबाहेर द्यायची. त्या वर्षी ज्याच्या घरी अडचण असेल, त्याच्याकडे ते माप जायचं. घरातला भात त्यानंतर शिजायचा. ही त्या घराची रीत होती. महामारीत सगळं बंद पडलं तेव्हा माझ्यातून सत्तावीस घरं जेवली. तीन पोत्यांत सत्तावीस घरं कशी, असं विचारू नका. मी आतल्या आत तांदूळ फुगवून देत होते.

मग नागोजी गेले. बनशंकरीतलं जुनं घर पाडून तिथं फ्लॅट उभे राहिले, आणि त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये, अक्काच्या मुलाच्या, विराटच्या बाल्कनीत मी आले. विराट इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तांदूळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून यायचा आणि पिशवीतच संपायचा. माझ्या डोक्यावर विराट धावायचे बूट ठेवायचा, त्यावर ओले मोजे. एकदा तर त्याने 'हळे पेपर' ओरडत येणाऱ्या रद्दीवाल्या दामोदरला वर बोलावलं आणि मला दाखवून म्हणाला, "अण्णा, हा डब्बा घेऊन जा."

डब्बा! मी!

अक्का धावत आली. "तिला हात लावशील तर मीपण बसते तुझ्या गाडीवर," ती दामोदरला म्हणाली. दामोदरने अक्काकडे बघितलं, मग स्वतःच्या हातगाडीकडे बघितलं. "बेडा अक्का, नको, चाक मोडेल," म्हणाला आणि गेला. विराट हसत वळला, तेव्हा मी पत्र्याची एक कड पुढे काढली. त्याची नवी पँट गुडघ्यापासून खालपर्यंत फाटली. ही नुसती सुरुवात होती.

आता ऐका खरी गोष्ट.

विराटच्या शेजारच्या टेबलावर अजिंक्य नावाचा मित्र बसायचा. दोघं एकाच डब्यातलं खायचे. मार्च महिन्यात एका सकाळी अजिंक्यला मेल आला, आणि दुपारपर्यंत त्याचं टेबल रिकामं झालं. त्या दिवसापासून विराट घाबरला. घाबरला तो घाबरलाच. मोबाईलवर काळा टीशर्ट घातलेला एक टक्कलवाला सारखा सांगायचा, की एक जूनला बँका बंद पडणार, नोटांना कुणी विचारणार नाही, ज्याच्या घरी धान्य तोच राजा. विराट जेवताना तो ऐकायचा, दाढी करताना ऐकायचा. त्याची बायको रम्या म्हणाली, "अरे, त्या टकल्याला एकदा घरीच बोलाव जेवायला. म्हणजे फोन तरी बाजूला ठेवशील."

पण विराट ऐकेना. त्याने सहा पोती तांदूळ आणला. तूरडाळ, मीठ, मेणबत्त्या, काड्यापेट्या, पाण्याचे मोठे कॅन आणले. आणि मग त्याला मी आठवले! त्याने माझ्या डोक्यावरचे बूट काढले. मला, वेडीला, वाटलं की माहेरचं बोलावणं आलं. मी तर आतून झणझणले.

त्याने मला उचललं आणि अक्काच्या खोलीत नेलं. पोती, कॅन, खोकी, सगळं तिथंच. आणि अक्काची खाट काढून हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला टाकली.

"आई, थोडे दिवस फक्त," विराट म्हणाला.

"थोडे म्हणजे किती रे?"

"परिस्थिती निवळेपर्यंत."

"आणि ती कधी निवळणार?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, आई."

"सरी, बरं," अक्का म्हणाली. तेवढंच.

त्याने मला नळी लावून धुतलं. ऊन दिलं नाही. फडक्याने वरवर पुसलं आणि तशाच ओलसर पोटात तीन पोती ओतली. अक्का दारात उभी होती. "विराट, तांदळाला ऊन दाखव. एरंडेल लाव. आणि पहिलं माप बाहेर दे, बाबा."

"बाहेर? आई, बाहेर द्यायचे दिवस संपले. आता आपलं आपण बघायचं. आणि ह्या पुड्या बघ. आतली सगळी हवा खाऊन टाकतात. किड्याला श्वासच घेता येत नाही." त्याने चार पुड्या टाकल्या, झाकण लावलं आणि कडेने चार वेढे चिकटपट्टी मारली.

"अरे, पण तिचं खालचं..."

"आई, प्लीज! मी सगळं वाचलंय."

अक्काने माझ्याकडे बघितलं. मला विराटने झडप भिंतीकडे करून उभं केलं होतं, आणि ती झडप, दाणा सांडणार नाही इतपत, किंचित उघडी होती. अक्काने एक डोळा मिटला. मित्रांनो, देवाशपथ मिटला.

मग विराटने खोलीला आकड्यांचं कुलूप लावलं. ही गोष्ट मात्र अक्काला ठाऊक नव्हती. दुसऱ्या सकाळी ती हातात जास्वंदीचं फूल घेऊन दारापाशी आली. नागोजींचा फोटो आतल्या भिंतीवर होता. रोज फूल वाहायची तिची सवय. विराट ऑफिसला गेलेला. तिने त्याला फोन लावला. "आकडा सांग रे, फूल ठेवायचंय."

मला दाराआडून तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही? ... कुणालाच नाही? ... अरे, मी कुणाला सांगणार? ... बरं. बरं, ठेव."

तिने ते फूल दाराच्या कडीत खोचलं. रोज एक फूल. दुपारी साडी बदलायची तर बाथरूममध्ये, आडवं व्हायचं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. सत्तर वर्षांची बाई आपल्याच घरात पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसायची.

त्या कडीतल्या फुलाची शपथ घेऊन मी ठरवलं. बूट विसरले असते मी. डब्बा म्हणाला, तेही गिळलं असतं. हे नाही.

पोत्यातून माझ्याकडे एक पोरकिड्यांचं जोडपं आलं होतं. काळे, बारीक, पुढे सोंड. एरवी अशांना मी कडुलिंबाच्या वासानेच हाकलते. या वेळी मी म्हणाले, "या, बसा. घर तुमचंच समजा." पोट ओलसर, अंधार, पाला नाही, तेल नाही. हवा तर खालच्या तोंडातून येतच होती. त्या चार पुड्यांनी बिचाऱ्यांनी हवा खाऊन खाऊन जीव दिला, पण सगळ्या बनशंकरीची हवा कुठून खाणार? मे संपेपर्यंत त्या जोडप्याची पणतवंडं झाली. मी त्यांच्या पलटणी पाडल्या. सोंडा वर, ओळीत चला, दाराखालून बाहेर!

पहिली पलटण विराटच्या कपाटात गेली. दुसरी त्याच्या नाश्त्याच्या डब्यात. तिसरी लॅपटॉपमध्ये शिरली. तो घरून मीटिंगला बसला असताना एक पोरकिडा त्याच्या मिशीवर चढून सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, आणि पलीकडून साहेबाने विचारलं, "विराट, तुझी मिशी का हलतेय?" एकजण तर त्याच्या टिफिनमध्ये बसून उड्डाणपुलावरून थेट इलेक्ट्रॉनिक सिटीत पोचला आणि संध्याकाळच्या बसने परत आला. अक्काच्या खाटेकडे मात्र एकही फिरकला नाही. माझी सक्त ताकीद होती.

विराटला वाटायचं, शेजाऱ्यांकडून येतात. तो खालच्या मजल्यावरच्या भीमाचार्यांशी भांडून आला.

एक जून उजाडला. दूधवाला आला. फुलवाली आली. खाली रिक्षावाला मीटरवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. बँक दहाला उघडली. विराट सुट्टी टाकून घरी बसला होता, आणि बाराच्या सुमाराला आपली तयारी बघावी म्हणून त्याने कुलूप काढलं.

जमीन हलत होती.

त्याने झाकणाची चिकटपट्टी ओढली आणि आत डोकावला. मी अठ्ठेचाळीस दिवस दाबून धरलेला श्वास एकदम सोडला. पीठ, कोंडा आणि किडे, सगळं त्याच्या तोंडावर!

"आई!"

अक्का हॉलमध्ये फिल्टर कॉफी पीत होती. "काय झालं रे? बुडालं का जग?"

"तांदूळ चालतोय, आई! तांदूळ चालतोय!"

"मग जाऊ दे त्याला. दीड महिना कोंडून ठेवलायस, पाय मोकळे करू दे." तिने उरलेली कॉफी संपवली. घाई केली नाही. मग उठून दारात आली आणि माझ्या पायापाशी बोट दाखवलं. "तिचं तोंड खाली असतं. तू जन्मात कधी तांदूळ काढला असतास तर माहीत असतं."

विराट केसांतले किडे झटकत म्हणाला, "आता काय करू?"

"आधी खाट आत आण. मग सांगते."

त्याने खाट आणली. पोती बाहेर गेली. कुलूप अक्काने स्वतः घेतलं आणि पदराला बांधलं. मग तिने नागोजींच्या फोटोला फूल वाहिलं, आणि मगच पुढचं बोलली. "सगळं गच्चीवर."

सहा पोती, चार मजले, आणि लिफ्टमध्ये न्यायला सगळ्यांची बंदी. विराटने पाठीवरून वाहिली. भीमाचार्यांकडे माफी मागून त्याने चादरी आणल्या. तीन दिवस तो उन्हात बसून चाळत होता, पाखडत होता. त्याचं नाक सोललं. मी पालथी पडून शेजारी ऊन खात होते आणि, खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. रम्या ताक घेऊन वर आली. "काय राजे, काय म्हणतंय राज्य?"

निम्मा तांदूळ वाचला. एरंडेलाचा हात, पाला, तीन थापा. अक्काने झडप उघडून पहिलं माप काढलं आणि विराटच्या हातात दिलं. "अजिंक्यच्या घरी नेऊन दे."

विराट खाली बघायला लागला. "आई, मी त्याला मार्चपासून फोनपण केला नाही."

"का?"

"भीती वाटली. त्याच्याशी बोललो तर आपलंपण तसंच होईल, असं वाटलं."

"ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "तांदळाआधी किडा तिथं पडला होता. जा."

तो गेला. परत यायला त्याला संध्याकाळ झाली. डोळे लाल होते, आणि पिशवीत अजिंक्यच्या आईने दिलेलं लिंबाचं लोणचं होतं.

तर मित्रांनो, वाईट दिवस येतील, नाही असं नाही. मी बरेच पाहिलेत. येतील तेव्हा माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना आधीपासून पुसत चला, ऊन दाखवा, पहिलं माप दाराबाहेर द्या, आणि म्हातारीची खोली म्हातारीकडे राहू द्या. विराटला मी माफ केलं का, असं विचाराल तर जवळजवळ केलंय. आता तो स्वतः खालून तांदूळ काढतो आणि जाताना माझ्या पोटावर एक थाप मारतो.

पण झाकणाच्या कडेत, पत्र्याच्या घडीत, पोरकिड्यांचं एक जोडपं मी अजून सांभाळून ठेवलंय. नवराबायको. त्यांना रोज एकेक दाणा देते आणि सांगते, "थांबा. बघू या, कसा वागतो."